गुपित, कोडं आणि गूढ

मुलांनो, आज वहीचं शेवटचं पान उघडा. (हो, तेच! जिथे तुम्ही फुली-गोळा खेळता.) त्यावर तीन प्रश्न लिहा. पहिला : शेजारच्या मैत्रिणीच्या डब्यात आज काय आहे? दुसरा : काल वर्गातलं डस्टर कुणी लपवलं? आणि तिसरा : जेव्हा काहीच नव्हतं, तेव्हा काय होतं?

तिन्हींची उत्तरं तुम्हांला ठाऊक नाहीत. पण तीन वेळा ‘ठाऊक नाही’ म्हटलं, तरी ते तीन प्रकारचं आहे. डब्यातली भाजी मैत्रिणीला ठाऊक आहे, तिनं झाकण उघडलं की संपलं. डस्टरचं तसं नाही. तिथे कुणाच्या बाहीला खडूची धूळ लागली आहे, कोण उगीचच छताकडे बघतंय, अशा खुणा शोधाव्या लागतील. आणि तिसरा प्रश्न? तो बाईंना विचारा, हेडमास्तरांना विचारा, घरी आजोबांना विचारा. माझ्या चौथीच्या वर्गात एकजण म्हणाला, “बाई, मोबाइलवर विचारू या!” विचार म्हटलं. उत्तर भलं लांबलचक आलं. त्याचं समाधान काही झालं नाही.

अशा सगळ्याच गोष्टींना आपण सरसकट ‘रहस्य’ म्हणून टाकतो. खरं तर मराठीनं आपल्याला किती तरी शब्द देऊन ठेवले आहेत. गुपित, कोडं, भेद, गूढ, रहस्य. आज जरा त्यांच्याशी ओळख करून घेऊ या.

‘गुपित’ हा शब्द ‘गुप्’ या संस्कृत धातूपासून आला. त्याचा अर्थ राखणं, सांभाळणं. म्हणजे गुपित हे कुणी तरी मुद्दाम सांभाळून ठेवलेलं असतं. ताईच्या वाढदिवसाला काय आणलंय, ते तुम्ही दोन दिवस पोटात ठेवता. पोट नुसतं गुदगुल्या करतं, नाही का?

गुपित किती काळ टिकू शकतं? याचा एक जबरदस्त नमुना ग्रीस देशात सापडतो. अथेन्स शहराजवळ एल्युसिस नावाचं गाव आहे. तिथे डिमीटर ही धान्याची देवी आणि तिची मुलगी पर्सेफोनी यांचा मोठा उत्सव होत असे. दीक्षा घेतलेल्या लोकांना रात्री एका मोठ्या मंदिरात नेत आणि तिथे काही तरी दाखवत. बाहेर येऊन ते सांगायला सक्त बंदी. सांगणाऱ्याला देहदंडसुद्धा होऊ शकत असे! हजार वर्षांहून जास्त काळ हा उत्सव चालला. हजारो माणसं त्या दारातून आत गेली आणि बाहेर आली. पण आत नक्की काय दाखवत, ते आजही कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. इंग्रजीतला ‘मिस्टरी’ हा शब्द याच उत्सवांच्या ग्रीक नावावरून आला. त्याच्या मुळाशी ‘मिटणं’ आहे असं सांगतात. डोळे मिटणं, ओठ मिटणं.

आता ओठ मिटण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. ती नीट वाचा, आणि पालकांनो, तुम्हीही वाचा.

वाढदिवसाच्या गुपिताला एक शेवट असतो. रविवारी केक कापला की ते फुटणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एखादं मोठं माणूस, ओळखीचं असो, नात्यातलं असो, शिकवणारं असो, तुम्हांला म्हणालं, “हे आपलं दोघांचं गुपित हं, आईला कध्धीच सांगायचं नाही,” आणि ते आठवलं की तुमच्या पोटात गोळा येत असेल, त्या माणसासमोर जावंसं वाटत नसेल, तर ते गुपित सांभाळायची जबाबदारी तुमची नाही. अजिबात नाही. तुम्ही ‘नाही सांगणार’ असं वचन दिलं असलं तरीसुद्धा नाही. ते सांगायचं. आईला सांगा, बाबांना सांगा, मावशीला, बाईंना, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना सांगा. पहिल्यानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. कुणीच जवळ नसेल तर कुठल्याही फोनवरून १०९८ हा नंबर लावा. तो मुलांच्या मदतीसाठीच आहे, त्याला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लावता येतो. आणि पालकांनो, मूल असं काही सांगायला आलं, तर पहिलं वाक्य “इतके दिवस का नाही सांगितलंस?” हे नको. आधी सगळं ऐकून घ्या.

बरं, आता कोड्याकडे वळू.

कोडं घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, तसं ते गुपितातही असतं. पण कोडं घालणारा खट्याळ असतो. तो उत्तर लपवतो, आणि त्याचं शेपूट तुमच्या हाती देतो. जुन्या काळी दिवेलागणीनंतर आज्या मुलांना गोळा करून कोडी घालायच्या. एक मी तुमच्यासाठी केलं आहे, बघा सुटतं का : भिंतीवर टांगलेलं बारा पानांचं पुस्तक. एक पान संपायला महिना लागतो, आणि ज्याला धड वाचता येत नाही तोही सुट्टीचे दिवस बरोब्बर शोधून काढतो! उत्तर सांगणार नाही. इतकं सोपं आहे की सांगितलं तर तुम्ही रागवाल.

आपल्या संतांनीही कोडी घातली, त्यांना ‘कूट’ म्हणतात. ऐकताना वाटतं, हे काय भलतंच? अशक्य, उफराट्या गोष्टी घडताना दिसतात. भजनात मंडळी हसतात, टाळ्या देतात, आणि घरी जाताना विचारात पडतात की यांना म्हणायचं काय होतं! एकनाथ महाराजांची भारुडं अशीच. वर गंमत, आत अर्थ. हसता हसता कोण किती खोल उतरेल, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

कोड्याला अंगरखा घालून काठी हातात दिली की रहस्यकथा तयार होते. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानं १८४१ साली लिहिलेली एक कथा ही आजच्या पद्धतीची पहिली गुप्तहेरकथा मानतात. शेरलॉक होम्स आला १८८७ साली. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. हजाराच्या वर! तुमच्या आजोबांना ‘झुंजार’ आणि ‘काळापहाड’ ही नावं सांगून बघा, त्यांचे डोळे कसे चमकतात ते. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेली ही पुस्तकं. (आजोबा हे कबूल करतीलच असं नाही.) भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे तर तुमच्याच वयाचा. सायकलवर टांग टाकून संकटात उडी घेणारा. बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात फेलूदाला जन्म दिला.

रहस्यकथेचे काही नियम असतात, हे ठाऊक आहे का? १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्लंडमधल्या लेखकानं असे दहा नियम लिहून काढले. गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही. भूत, चमत्कार, दैवी शक्ती यांच्या मदतीनं गुन्हा उलगडायचा नाही. आणि गंमत अशी की हे नॉक्ससाहेब व्यवसायानं कोण होते? कॅथलिक धर्मगुरू! देवावर श्रद्धा असलेला, रोज प्रार्थना करणारा माणूस. पण चोर कसा पकडायचा, ते डोक्यानंच ठरवा, तिथे चमत्काराला बोलावू नका, असं त्यांचं म्हणणं. मला हा माणूस फार आवडतो.

कारण कित्येकदा आपण उलटंच करतो. ज्या गोष्टीला कारण शोधायला हवं, तिच्यापुढे हात जोडून उभे राहतो. २१ सप्टेंबर १९९५ ची हकीगत घरच्या मोठ्या माणसांना विचारा. त्या गुरुवारी सगळीकडे एकच बातमी : गणपती दूध पितो! देवळांपुढे रांगाच रांगा लागल्या. लोक चमचाभर दूध मूर्तीच्या सोंडेला लावत आणि चमचा हळूहळू रिकामा होई. खरोखरच होई बरं का. बघणारे खोटं बोलत नव्हते.

मग दूध जात होतं कुठे? सरकारच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. दुधात रंग मिसळला आणि मग चमचा लावला. तर रंगीत दुधाचा पातळ ओघळ सोंडेवरून खाली उतरताना दिसू लागला! द्रवाच्या पृष्ठभागावर एक ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकला की द्रव त्या दगडाकडे ओढला जातो आणि अंगावरून पातळ थर होऊन खाली वाहतो. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध, ते दिसणार कसं? घरी करून बघा. नदीतला एखादा गुळगुळीत गोटा घ्या, धुऊन ओला करा, चमचा पाण्यानं काठोकाठ भरून कडा गोट्याला टेकवा. चमचा अगदी किंचित कलता धरा.

यात गणपतीचा काही अपमान नाही हं. तो तर विद्येची देवता. रंग मिसळून बघणारी मुलं त्याला आवडणार नाहीत, असं मला तरी वाटत नाही.

आता तुम्हांला लोणारला नेते. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सरोवर म्हणजे एकाच जागी रहस्याचे सगळे प्रकार! सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं, जवळजवळ गोल विवर. आत खारट पाणी. पूर्वीच्या लोकांनी हे पाहिलं आणि त्यांना प्रश्न पडला : कुणी केलं हे? त्यांनी गोष्ट सांगितली. इथे लवणासुर नावाचा राक्षस राहत होता, विष्णूनं त्याचा वध केला. लोणार गावात दैत्यसूदनाचं सुंदर देऊळ आहे, ते या कथेशीच जोडलेलं. लवण म्हणजे मीठ. पाणी खारट, म्हणून राक्षसही मिठाचा! कशी चपखल गोष्ट रचली आहे बघा.

मग भूशास्त्रज्ञ आले. महाराष्ट्राचा हा भाग ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, म्हणून बरीच वर्षं कित्येकांना वाटे की हे ज्वालामुखीचं तोंड असणार. पण १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या दगडांत एक विशिष्ट काच सापडल्याचं सांगितलं गेलं. ती प्रचंड धक्का बसल्याशिवाय तयारच होत नाही. खडूची धूळ बाहीला लागली होती, समजा! आकाशातून मोठी उल्का येऊन आदळली, त्याचा हा खड्डा. कधी आदळली? इथे मात्र अजून एकमत नाही. एका मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं निघाली, नंतरच्या वेगळ्या पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार! दोन्ही मोजणारे अभ्यासू. इतका फरक का, ते शोधायला तुमच्यापैकी कुणी तरी मोठेपणी जा.

आणि जून २०२० मध्ये तर लोणारनं कमालच केली. हिरवट दिसणारं पाणी गुलाबी झालं! तऱ्हेतऱ्हेच्या वावड्या उठल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडेही तपासायला आले. तिथे कळलं की हे काम खारट पाण्यात वाढणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांचं आहे. पाऊस नाही, पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला, त्यामुळे ते भराभर वाढले आणि त्यांच्या अंगातला गुलाबी रंग साऱ्या सरोवराला चढला. आणलेल्या नमुन्यात ते जीव तळाशी बसले, तेव्हा वरचं पाणी पुन्हा रंगहीन झालं. आता मला सांगा, कारण कळलं म्हणून गुलाबी सरोवराची मजा कमी झाली का? माझ्या वर्गातल्या मुलांची तर वाढली. त्यांना ते जीव भिंगातून बघायचे होते.

राहिला शेवटचा शब्द, ‘गूढ’. हा ‘गुह्’ या धातूपासून झाला. ‘गुहा’ हा शब्दही तिथलाच. गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की थोडं आतलं दिसतं. दोन पावलं आत गेलो की आणखी थोडं दिसतं. पण अंधार पुढे असतोच. धर्मामध्ये ‘रहस्य’ म्हणतात ते पुष्कळदा असं असतं. वसईचे, गोव्याचे ख्रिस्ती लोक माळेचा जप करताना येशूच्या आणि मरियेच्या जीवनातले जे प्रसंग मनात आणतात, त्यांनाही इंग्रजीत मिस्टरीच म्हणतात. ते प्रसंग लपवलेले मुळीच नाहीत, लहान मुलांनाही पाठ असतात. पुन्हा पुन्हा मनात आणायचे, एवढंच. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाच्या नावात ‘राजगुह्य’ आहे, म्हणजे गुपितांचा राजा. आणि तो श्रीकृष्णानं अर्जुनाला चक्क सांगून टाकला आहे! लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते १९१५ साली छापून आलं. आमच्या शाळेतल्या एका सातवीतल्या मुलानं वाचनालयातून ते मोठ्या उत्साहानं घरी नेलं होतं. नावात रहस्य आहे ना! दुसऱ्या दिवशी परत आणून म्हणाला, “बाई, यात खूनच नाही.”

हसू नका त्याला. निदान उघडून तरी बघितलं त्यानं.

गूढापुढे उभं राहिलेल्या मुलाची एक फार जुनी गोष्ट आहे, कठोपनिषदातली. नचिकेत हा तुमच्यासारखाच मुलगा. त्याचे वडील यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गाई दान देत होते. याला ते रुचेना. “बाबा, मला कुणाला देणार?” असं तो सारखं विचारू लागला. वडील चिडून म्हणाले, मृत्यूला! झालं, नचिकेत निघाला तो थेट यमाच्या दारी. यम घरी नव्हता. तीन रात्री पोरगं उपाशी बसून राहिलं. यमाला आल्यावर फार वाईट वाटलं. त्यानं तीन वर देऊ केले. पहिल्या वरात नचिकेतानं मागितलं, बाबांचा राग जाऊ दे. (बघा, सगळ्यांत आधी घर आठवलं.) दुसऱ्यात यज्ञाच्या अग्नीची विद्या. आणि तिसऱ्यात विचारलं, माणूस मेल्यावर पुढे काय होतं? कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो. खरं काय?

प्रत्यक्ष यम गडबडला! हत्ती माग, घोडे माग, सोनं माग, हवं तेवढं आयुष्य माग, पण हे नको विचारू. देवांनासुद्धा याची शंका होती, म्हणाला. नचिकेत काही हटला नाही. मग यमानं त्याला समोर बसवून शिकवायला सुरुवात केली. सगळं उपनिषद म्हणजे तो धडाच.

पालकांनो, हे तुमच्यासाठी सांगते आहे. यमानंही मुलाला आधी खेळणी देऊन गप्प करून पाहिलं. आपणही तेच करतो. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी वारली. घरी तिला सांगितलं, “आजी गावाला गेली.” तिच्या भल्यासाठीच सांगितलं. पण मुलगी रोज शाळा सुटल्यावर एस. टी. स्टँडकडच्या रस्त्याला बघत उभी राहू लागली. “आजी मला न सांगता कशी गेली?” असं एकदा मला विचारलं. गाव कुठलं, हे तिला कुणी सांगेना. तिला वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे आणि फक्त माझ्यापासून लपवताहेत. आजी आपल्यावर रुसली, असंही तिनं ठरवून टाकलं होतं.

मी तिच्या आईला शाळेत बोलावलं. आई रडली. म्हणाली, “बाई, पण तिनं विचारलं की आजी आता कुठंय, तर मी काय सांगू? मलाच ठाऊक नाही.” मी म्हटलं, हेच सांगा.

दोन दिवसांनी आईनं सांगितलं. आजी वारली, ती आता परत येणार नाही, ती तुझ्यावर रागावली नव्हती. मेल्यावर माणूस कुठे जातं ते मला ठाऊक नाही, आपले आजोबा म्हणतात देवाघरी जातं. पण मलाही तिची फार आठवण येते. मुलगी खूप रडली, म्हणे. मग झोपायच्या आधी तिनं विचारलं, “आजीचा चष्मा कुठे आहे?” तो कपाटात होता. आता तो त्यांच्या देवघराच्या फळीवर असतो, आणि शनिवारी काच पुसायचं काम तिच्याकडे आहे.

एस. टी. स्टँडकडे ती आता बघत नाही. वर्गात मात्र हल्ली फार प्रश्न विचारते. परवाचा प्रश्न होता, “बाई, उल्का पडली तेव्हा लोणारला कुणी राहत होतं का?”